फाटकापाशी शमीमआपा

मी जात्याच घाबरट. पाल दिसली की मी खुर्चीवर, कुकरची शिट्टी लांबली की स्वयंपाकघराबाहेर. आमचे हे म्हणतात, हिला लग्नात हार घालतानासुद्धा दरदरून घाम फुटला होता, आणि ते खरं आहे. अशा बाईने शमीमआपाबद्दल लिहायचं म्हणजे गंमतच, कारण आपा आमच्या अख्ख्या कडाव गावात धीट म्हणून नावाजलेली. पण ती घाबरली तेव्हा मी जवळ होते. दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच लिहिते.

कडावातून कर्जतच्या शाळेत पोरं ने-आण करणारी व्हॅन आपा चालवायची. आता ती पनवेलला लेकीकडे असते आणि नातवंडाला सांभाळते. गाडी मूळ तिच्या नवऱ्याची, रफिकभाईंची. ते असताना आपा हौसेने शिकली होती, म्हणजे बाजारापर्यंत न्यायची आणि परत आणायची. ते गेल्यावर दिराने सांगितलं, गाडी विकून टाक. आपाने गाडी धुतली, पुसली आणि सोमवारी सकाळी पोरांच्या दारात उभी केली. सलवार-कमीजवर रफिकभाईंचा जुना फुल शर्ट घालायची, ओढणी त्याच्यात खोचायची आणि दाढेखाली एक लवंग धरायची. तो तिचा युनिफॉर्म.

माणसं तिची मूळची खाडीकडची, त्यामुळे जीव मासळीत. गाडीतल्या पोरांना तिने मासळीचीच नावं ठेवली होती. आमची सई किडकिडीत, म्हणून मांदेली. शेळक्यांचा थोरला अंगाने भरलेला, तो हलवा. जो सगळ्यांना चिमटे काढायचा तो चिंबोरी. "चला गं मांदेल्यांनो, टोपली भरू द्या," असं ओरडत ती दार उघडायची, आणि ज्यांच्या घरात सात पिढ्यांत मासा शिजला नाही त्यांची पोरंसुद्धा सुरमई आणि पापलेट म्हणवून घेत खुशाल आत चढायची.

गाडी जोरात चालव म्हणून कुणी सांगितलं तर तिचं उत्तर ठरलेलं: "घाई व्हती तर काल निघायचं." एका पावसाळ्यात वाटेतल्या ओढ्यावरच्या फरशीपुलावरून पाणी वाहत होतं. बाकीच्या दोन व्हॅन गेल्या त्यातून. आपा थांबली. पोरांना उतरवून वरच्या ठाकरवाडीत एका घरी नेलं, तिथल्या म्हातारीने नाचणीची भाकर आणि मीठ-मिरची दिली, आणि पाणी उतरेपर्यंत पोरं तिथे कोंबड्यांमागे पळत राहिली. इकडे आम्ही आयांनी नाक्यावर रडून गोंधळ घातला. आल्यावर शेळकेभाऊ तिच्या अंगावर धावून गेले. आपा लवंग चावत म्हणाली, "भाऊ, उशिरा आलेल्या पोराला ओरडता तरी येतं. ओरडा आता." शेळकेभाऊ पोराला ओरडले नाहीत, हात धरून घरी घेऊन गेले.

तर अशी ही बाई.

माझं नाक्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. लाईटबिल, सातबारा, आधार, रेल्वेचं तिकीट, जे जे ऑनलाइन ते ते मी भरून देते. त्या हिवाळ्यात एके दिवशी सई घरी येऊन म्हणाली, "आई, आज आपाची गाडी गरम झाली. फाटकाजवळ. आपा खाली उतरून उभी राहिली आणि आम्हाला म्हणाली, गाणी म्हणा." शाळा खोपोली लाइनीच्या पलीकडे, त्यामुळे रोज रेल्वेचं फाटक ओलांडावं लागे. जुनी गाडी, झाली असेल गरम, असं म्हणून मी भाजीला फोडणी दिली.

पुढच्या आठवड्यात आपा भरदुपारी दुकानात आली. आल्या आल्या मागे वळून रस्ता बघितला.

"संगीता, हितं आता कोण येनार नाय ना?"

"या जेवणाच्या वेळी कोण मरायला येतंय? बस. काय झालं?"

ती बसली नाही. फोन माझ्यापुढे ठेवला. "हे पैसं भरायचेत. ह्या मॅडमला. रोकड घे माज्याकडनं, आन् तुज्या फोनवरनं भर."

फोनवर नाशिकच्या कुणा समुपदेशक बाईंचं नाव होतं. मी विचारलं, हे कशाचे? आपा काउंटरवरचा स्टेपलर उघडत-मिटत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी गाडीला काय नव्हतं झालं गं. मला झालं."

फाटक पडलं होतं. तिने गाडी उभी केली आणि तिचे हात तिचे राहिले नाहीत. बोटं बधिर, तोंड कोरडं, छातीवर कुणी पाटा ठेवल्यावानी. "वाटलं, आता मी मरनार, आन् मागं येवढी पोरं." पोरांना भलतंच काही दिसू नये म्हणून ती उतरून बोनेटला धरून उभी राहिली. घरी एकदा झालं, बाजारात एकदा झालं. कर्जतच्या डॉक्टरने छातीचा कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं. काळीज ठणठणीत, म्हणाला, हे भीतीचे झटके आहेत, कुणाशी तरी नीट बोलायला पाहिजे. गोळी दिली आणि या बाईंचा नंबर दिला. त्या व्हिडिओवर बोलतात, कर्जतला यायला नको आणि कुणी बघायलाही नको.

माझी सई त्या गाडीत बसते, हा माझ्या डोक्यातला पहिला विचार. आपाचं कसं होणार, हा दुसरा. तिने माझ्या तोंडावर दोन्ही वाचले असावेत, त्याच क्रमाने.

"भिऊ नको," ती म्हणाली. "उद्यापास्नं पवारकाका चालवनार. मी नुसती बाजूला बसनार. पोरांच्या जिवाशी मी खेळन का गं?"

पवारकाका म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आता प्रश्न असा की आपा गाडी का चालवत नाही, हे लोकांना काय सांगायचं. ते तिने आधीच ठरवलं होतं. मेडिकलमधून क्रेप बँडेज आणून तिने धडधाकट उजव्या मनगटाला कोपरापर्यंत गुंडाळलं. मोरीत घसरले, म्हणून सांगितलं. आणि बघा, त्या पट्टीपायी तिला काय काय मिळालं. कुणी हळद पाठवली, कुणी मालिशवाल्याचा पत्ता दिला, शेळकेवहिनींनी तर डबा धाडला. डबा खाताना आपा माझ्याकडे बघून म्हणाली, "हाताला भाजी येते, संगीता. डोक्याला कोन देतं?"

पैसे भरण्याची कथा वेगळीच. आपाच्या गाडीच्या काचेवर कोडचं स्टिकर होतं, लेकीने लावून दिलेलं, आणि पोरांचं भाडं त्यावर जमा व्हायचं. "यायला येतात," ती म्हणायची, "जायचं कसं ते मला ठाऊक नाय." मनाच्या त्रासासाठी सरकारचा फुकटचा फोन नंबर असतो, तोही मी तिला लावून दिला. पोरगी गोड बोलली, पण दुसऱ्यांदा लावला तर आवाज दुसरा. आपा म्हणाली, दरवेळी पयल्यापास्नं रडायचं म्हंजे मला दम लागतो. मग नाशिकच्या मॅडमच. त्यांची एका वेळेची फी एका पोराच्या महिन्याच्या भाड्याएवढी होती. त्यांनीच विचारलं, तुम्हाला किती जमेल ते सांगा, त्याप्रमाणे कमी करू. झालं, आपाला संशय.

"कमी कशापायी घेते? शिकाऊ हाय का?"

"अगं, ज्याला जमत नाही त्याच्यासाठी कमी घेतात त्या. पद्धत असते."

"मंग पुरतं घ्यायला लाव. गाडीच्या इन्शुरन्समधी नाय बसत का हे?"

"तो गाडीचा आहे, आपा."

"बघ. गाडी येडी झाली तर पैसं मिळतील. डायवर झाली तर नाय."

सहा वेळांचं एकदम भरलं तर सवलत, असंही त्यात लिहिलेलं होतं. तेही तिने धुडकावलं. आजार काय डझनावर घ्यायचा, म्हणाली. शेवटी मॅडमशी बोलून अर्ध्यावर ठरलं, आणि दर गुरुवारी ती रोकड माझ्या हातावर ठेवायची, मी माझ्या फोनवरून भरायची. पवारकाकांचा पगार वेगळा. त्या महिन्यांत तिने मासळी आणली नाही, हे मला शेजारणीकडून कळलं.

बोलायची जागा म्हणजे तिची गाडी. माझ्या दुकानाच्या मागे, वायफाय पोचेल एवढ्या अंतरावर लावलेली. काचा बंद, फोन स्टिअरिंगला टेकवलेला. उकाड्याने आत काय होत असेल ते होवो. मी खिडकीतून बघायची. आवाज येत नसे, फक्त तो पट्टी बांधलेला हात जोरजोरात हललेला दिसायचा. कधी कधी हात थांबायचा, आणि मग ती बराच वेळ ओढणीत तोंड घालून बसायची. मला तेव्हा फार भीती वाटायची. डोंगरासारखी माणसं अशी बसलेली आपण बघायची नसतात. मी गिऱ्हाइकांना उगाच मोठ्याने बोलत गुंतवून ठेवायची, कुणी मागे जाऊ नये म्हणून.

अशाच एका गुरुवारी ती उतरून थेट दुकानात आली आणि पाण्याचा अख्खा तांब्या प्यायली.

"मॅडमनं इचारलं, फाटकाशी काय झालं व्हतं. मी म्हटलं, काय नाय."

मी रिकामा तांब्या तिच्या हातातून घेतला.

"रफिकची छाती दुखायला लागली तवा मीच त्याला नेत व्हते. पलीकडच्या दवाखान्यात. फाटक पडलेलं. एक गाडी गेली, तरी उघडलं नाय. मंग मालगाडी. तो पुढं बसलावता, माज्या बाजूला. म्हनला, शमीम, हॉर्न नको वाजवू, लोक बघतात. मालगाडी लांब व्हती गं. फाटक उघडलं तवा तो नव्हता."

रफिकभाई वाटेत गेले एवढंच गावाला माहीत होतं. वाट म्हणजे नेमकी कुठली, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. आणि ही बाई त्यानंतर इतकी वर्षं रोज सकाळ-दुपार त्याच फाटकावर गाडी थांबवत होती, आमच्या पोरांना मांदेली आणि बोंबील म्हणत.

"इतकी वर्षं काही झालं नाही, मग आताच कसं?" मी विचारलं.

"मी पन तेच इचारलं. मॅडम म्हनली, तवा तुमाला येळ नव्हता."

हळूहळू फरक पडला. झटके विरळ झाले. ती पोरांना सोडल्यावर रिकामी गाडी घेऊन फाटकापर्यंत जायची, उभी राहायची आणि परत यायची. मॅडमनीच सांगितलं होतं तसं. डॉक्टरही हो म्हणाला होता. मग एके दिवशी ती उत्साहाने म्हणाली, मला पैसं पाठवायला शिकव, आता माजं मी भरते. मी शिकवलं. तिने माझ्यासमोर एक रुपया मला पाठवून बघितला आणि पोरीसारखी हसली.

आता आमच्या व्हॅनच्या ग्रुपची रीत सांगायला हवी. महिन्याचं भाडं भरलं की आम्ही सगळे पालक त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचो आणि खाली लिहायचो, "भरले". मग आपा अंगठा टाकायची. पैसे भरले की फोटो ग्रुपवर टाकायचा, आपाने वर्षानुवर्षं पाहिलेली रीत ही एवढीच. त्या गुरुवारी तिने घरी बसून पहिल्यांदा स्वतःच्या हाताने फी भरली आणि फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "भरले".

दुकानात माझा फोन वाजला. मॅडमचं नाव, खाली मी लिहायला शिकवलेला मजकूर: समुपदेशन, भीतीचे झटके, सत्र सातवे. मी तिला फोन लावला, ती नमाज पढत असावी, उचलेना. चप्पल न घालता तिच्या घराकडे धावले. पोचेपर्यंत सगळ्यांनी बघून झालं होतं. "भीतीचे झटके कोणाला?" असं एकाने विचारलं होतं. दुसऱ्याने लिहिलं होतं, "म्हणून गाडी गरम झाली का?" आणि तिसरीने, "हाताचं पण खोटं?"

आपाने तो फोन दोन्ही हातांत धरला होता. "पुसता येत नाय का गं?" तिने विचारलं. मी पुसला. पुसून काय उपयोग?

संध्याकाळी सगळे नाक्यावर जमले. शेळकेभाऊ सगळ्यांच्या पुढे. "आपा, आमची पोरं आहेत ती. तुम्ही आम्हाला अंधारात ठेवलंत." आवाज चढलेला, पण मी जवळून बघत होते, त्यांचे ओठ थरथरत होते. रागावलेलं तिथे कुणीच नव्हतं. सगळे घाबरलेले होते आणि मीही होते.

आपाने उत्तर द्यायच्या आधी मनगटाची पट्टी सोडायला सुरुवात केली. ती लांबलचक पट्टी सुटतच राहिली आणि सगळे बघत राहिले. आतला हात गोरा पडला होता.

"हाताला कायबी झालेलं नाय," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. पोरं गाडीत असताना येकदाच झालं, डॉक्टरनं सांगितल्यापास्नं पोरं असताना मी चाकाला हात लावला नाय, पवारकाकांना इचारा. आता डॉक्टर म्हनतो चालवा, मॅडम म्हनते चालवा. पन मी तुमाला म्हननार नाय की भिऊ नका. मलाच भ्या वाटतं."

कुणीतरी विचारलं, मग आम्ही काय करायचं?

"ज्याला पोर काढायचंय त्यानं काढा, माजा राग नाय. ज्याला ठेवायचंय त्यानं आळीपाळीनं पुढं बसायचं. मला कायबी वाटलं की मी गाडी बंद करीन आन् चावी त्याच्या हातात देईन. तो परत देईल तवाच गाडी हलंल. नाय दिली तर पवारकाकांना फोन."

निम्म्याहून जास्त पोरं गेली. शेळकेभाऊंनी त्यांची दोन्ही काढली. सईचं काय करायचं यावर आमच्या घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. हे म्हणाले, तू ठरव, तू तिला ओळखतेस. ओळखत होते म्हणूनच तर ठरवता येत नव्हतं. शेवटी मी सईला ठेवलं, आणि रोज ती घरी येईपर्यंत देवाचा धावा करत बसले.

मध्येच एक गोष्ट घडली. दुकान बंद करायच्या वेळी शेळकेभाऊ आले. आधी एका कागदाची झेरॉक्स काढली, मग त्याचीच परत काढली. मग खाली बघत म्हणाले, "वहिनी, त्या नाशिकच्या बाई. त्यांचे पैसे कसे भरायचे? घरच्यांच्या फोनवर मेसेज जायला नको." मी काही न विचारता भरून दिले. त्यांच्यानंतर आणखी दोघी आल्या, एक तर पार शेलूहून, कुणाकडून तरी ऐकून. मजकुराच्या जागी मी आता नुसतं "फी" लिहिते.

आपाच्या गाडीत पुढे बसायची माझी पाळी आली तो दिवस मला विसरता येत नाही. सकाळचं धुकं होतं. मागे सई आणि उरलेली पोरं, त्यांच्या भेंड्या रंगलेल्या. आपाने दाढेखाली लवंग धरली. फाटकापर्यंत ती माझ्या दुकानातल्या गर्दीची चौकशी करत होती. फाटक पडलं. आमच्या पुढे एक टेंपो, मागे वाळूचा ट्रक. मी तिच्याकडे बघत नव्हते, मुद्दामच. मग तिचं बोलणं थांबलं.

इंजिन बंद झालं. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. आणि माझ्या मांडीवर चावी पडली.

मी चावी उचलली. तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते आणि बोटं थरथरत होती. कपाळावर घाम. ती हळू आवाजात बोलत होती, मला नाही, स्वतःला. "टेंपो. निळा. ताडपत्री. दोरी सुटलेली." दिसेल त्याचं नाव घेत होती. मागे पोरं भेंड्या म्हणत होती, कुणाला काही कळलं नव्हतं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, रफिकभाई इथेच बसले होते, या सीटवर. मालगाडी आली. लांब होती. संपेचना. मी चावी इतकी घट्ट धरली होती की तिचे दात तळहातात रुतले. पवारकाकांना फोन लावावा, पोरांना उतरवावं, पळून जावं, सगळं एकदम वाटत होतं, आणि मला बोटसुद्धा हलवता येत नव्हतं.

मालगाडी गेली. फाटक वर गेलं. टेंपो निघून गेला. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला आणि वाजवतच राहिला. आपाने आरशात बघितलंही नाही. "वाजवू दे त्याला," ती म्हणाली. श्वास घेतला, सोडला, परत घेतला. मग तिने हात वर उचलून माझ्यापुढे धरला. तो थोडा हलत होता, आधीपेक्षा कमी.

"दे," ती म्हणाली.

"जमेल ना, आपा?"

"ठाऊक नाय गं. जमंलसं वाटतं."

मी मागे वळून सईकडे बघितलं. तिच्यावर अक्षर आलं होतं आणि ती डोळे मिटून गाणं आठवत होती.

मी चावी आपाच्या हातावर ठेवली.